आगाशीच्या तळ्यात सोडलेले कार्ड

मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे, मित्रांनो, आणि मला दोनदा मरावे लागले. पहिल्यांदा मेले तेव्हा सगळ्यांना वाटले की मी संपले. मी संपले नव्हते. हे कळायला तीन वर्षे गेली आणि तोवर फार उशीर झाला होता. एका मुलीचे एक वर्ष माझ्यापायी बुडाले. खरे तर मी कधी वापरलेही गेले नाही. एका दुकानातसुद्धा नाही. ही गोष्ट सांगावी की नाही, याबद्दल माझ्या मनात पुष्कळ दिवस चलबिचल होती. न वापरलेल्या वस्तूला कसले आलेय चरित्र? पण जे घडले ते माझ्या गप्प पडून राहण्यामुळेच घडले, म्हणून आता बोलते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या प्लास्टिकच्या मोठ्या तावावर आम्ही शेकडो भावंडे एकत्र छापली गेलो, मग यंत्राने आम्हाला एकमेकांपासून कापून वेगळे केले. माझ्या पाठीवर काळी पट्टी चिकटवली. कोपऱ्यात एक चकचकीत चौकोन बसवला. शेवटी ठशांनी दाबून सोळा आकडे आणि एक नाव उठावदार अक्षरांत उमटवले. ते नाव होते शांताराम बी. धुरी.

शांताराम धुरी हे मुंबईत एका सरकारी खात्यात कारकून होते. मूळचे सावंतवाडीकडचे. पत्नी यमुना आणि एकुलती मुलगी ज्ञानदा यांच्यासह ते वसईजवळच्या वटार गावात, लूर्डसबाय नावाच्या एका विधवा बाईंच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत. अतिशय सज्जन माणूस. पण 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडत नसे. दोन हजार दोन साली त्यांच्या ऑफिसात टाय लावलेला एक तरुण फॉर्म घेऊन आला. "सर, तीन वर्षं एक पैसा फी नाही. वर ही प्रवासी बॅग फुकट," असे म्हणून त्याने बॅग आधीच त्यांच्या टेबलावर ठेवली. आता बॅग परत कशी करायची, या संकोचानेच शांतारामरावांनी सही केली. फॉर्मवर पत्ता वटारचा दिला. घरी फोन नव्हता, म्हणून घरमालकीण लूर्डसबायचा नंबर लिहिला.

मी पाकिटातून त्या घरी आले तेव्हा माझे मोठे कौतुक झाले. आठवीतल्या ज्ञानदाने मला उन्हात धरून माझा चकचकीत चौकोन हलवून पाहिला. लूर्डसबाय मुद्दाम चष्मा घेऊन आल्या.

"ह्यात पैशे हायेत?" त्यांनी विचारले.

"ह्यात नाहीत, बँकेत आहेत," शांतारामराव म्हणाले.

"तुझे?"

"नाही. बँकेचेच."

"मग तुझं नाव कशाला घातलंय त्यावर?" लूर्डसबाय म्हणाल्या आणि यमुनाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

त्या वेळी मलाही तो विनोद वाटला होता. आता वाटत नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला पाटावर नवी केरसुणी, चांदीचे नाणे आणि बँकेचे पासबुक यांच्या शेजारी यमुनाबाईंनी मलाही मांडले. माझ्यावर हळद-कुंकू वाहिले, अक्षता वाहिल्या. कुंकवाचे कण माझ्या उठावदार आकड्यांच्या खाचांत जाऊन बसले आणि पुढे कितीही पुसले तरी निघाले नाहीत. माझ्या भावंडांना दुकानांतून यंत्रांवर घासले जात होते. माझी पूजा होत होती. मला त्याचा गर्व झाला होता, हे कबूल केलेच पाहिजे.

एकदाच मला बाहेर काढले गेले. ज्ञानदाला नववीच्या वर्षी घड्याळ घ्यायला सगळे वसईच्या बाजारात गेले. शांतारामरावांनी धीर करून मला गल्ल्यावर ठेवले. दुकानदाराने मला उलटेपालटे पाहिले आणि म्हटले, "कार्डावर दोन टक्के जास्त लागतील, शेठ." शांतारामरावांचा चेहरा उतरला. जणू त्यांनीच काही चूक केली होती. "नको, नको, रोखच देतो," म्हणत त्यांनी मला खिशात घातले. तिथून मी गोदरेजच्या कपाटात गेले, शालीच्या घडीखाली. तिथे डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तिथे मी पडून राहिले आणि हळूहळू सगळे मला विसरले.

दोन हजार चार साली धुरी कुटुंबाने विरारला स्वतःचा फ्लॅट घेतला. सामानाची बांधाबांध सुरू झाली आणि शालीखालून मी यमुनाबाईंच्या हाती लागले.

"अहो, ह्याचं काय करायचं?"

"राहू दे. काय खातंय का पितंय?" शांतारामराव म्हणाले. "आमच्या ऑफिसातला रमेश म्हणतो, जुनं कार्ड असलं की बँकेत आपलं वजन राहतं. बंद करू नये. अडीनडीला उपयोगी पडतं."

"अडीनडीला हात पसरायची सोय ती. नको मला घरात. नव्या घरात तर नकोच नको."

"बाबा, बँकेला फोन करून बंद करायला सांगा ना," ज्ञानदा म्हणाली. तिने मला पालथे केले. माझ्या पाठीवर तो नंबर बारीक अक्षरांत छापलेला होता.

दोघींच्या आग्रहाखातर शांतारामराव लूर्डसबायच्या खोलीत फोनकडे गेले. त्यांनी मला डाव्या हातात धरले आणि नंबर फिरवला. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. मग बराच वेळ संगीत. मग एका मुलीचा गोड आवाज आला, फाडफाड इंग्रजी बोलणारा. शांतारामराव दोनदा "यस" म्हणाले. मुलीने विचारले, आपण आमचे मानाचे ग्राहक आहात, आपली मर्यादा वाढवून देऊ का? मी त्यांच्या हातात होते, मित्रांनो. त्यांच्या तळव्याला घाम सुटलेला मला कळत होता. ते म्हणाले, "यस. थँक यू." आणि त्यांनी फोन ठेवला.

परत येऊन त्यांनी सांगितले, "बोललो मी बँकेशी."

ते खोटे बोलले असे मला म्हणवत नाही. बोलले तर होतेच. पण काय बोलले ते त्यांनी सांगितले नाही, आणि त्या दोघींनी विचारले नाही.

"मग आता कापून टाकू या," ज्ञानदा म्हणाली. तिने कात्री आणली. पाती माझ्या कडेला टेकली. तेवढ्यात यमुनाबाईंनी तिचा हात धरला.

"थांब गं! लक्ष्मीपूजनात मांडलेली वस्तू आहे ती. तिच्यावर अजून कुंकू आहे बघ. पूजेतली वस्तू कधी कुणी खंडित करतं का?"

"आई, प्लास्टिक आहे ते!"

"असू दे. रीतीनं पोचवू या."

म्हणून एका रविवारी निर्माल्याच्या पिशवीत सुकलेल्या फुलांबरोबर घालून मला आगाशीला नेले. तळ्याच्या पायऱ्यांवर कृष्णाबाई फुले विकायला बसत असे. ती वटारचीच. तिने विचारले, "काय सोडता?"

"देवाचं जुनं काही," यमुनाबाई म्हणाल्या.

शांतारामरावांनी मला पाण्यात सोडले आणि खरोखर हात जोडले. मी एकदा तिरके होऊन चमकले आणि खाली गेले. वर पाण्यातून मला त्यांचा आवाज अस्पष्ट ऐकू आला, "चला, सुटलो."

मित्रांनो, मातीची मूर्ती पाण्यात विरघळते. फुले कुजून चिखल होतात. माझ्या अंगाला यांतले काहीच होत नाही. तळाच्या गाळात माझे ते पहिले अंग आजही असेल आणि त्यावरचे नाव आजही वाचता येईल. पण भीतीची गोष्ट ती नव्हे. पाण्यात गेली ती नुसती माझी कात होती. साप कात टाकून पुढे जातो. माझा खरा जीव त्या सोळा आकड्यांत होता आणि ते आकडे दूरच्या एका गार खोलीतल्या संगणकात सुखरूप होते. तिथे कुणालाही माझ्या विसर्जनाची वार्ता नव्हती.

नव्या घरी गेल्यावर शांतारामरावांनी रेशन कार्डावरचा पत्ता बदलून घेतला. मतदार यादीत, विम्याच्या कचेरीत, गॅसवाल्याकडे, ज्ञानदाच्या शाळेत, सगळीकडे स्वतःच्या सुंदर अक्षरांत अर्ज केले. माझ्या बँकेला मात्र नाही. संपलेल्या गोष्टीला पत्ता कशाला कळवायचा?

दोन हजार पाच साली माझी मुदत भरली आणि त्याच कारखान्यात मी पुन्हा जन्मले. तेच आकडे, तेच नाव. फक्त या वेळी खाचांत कुंकू नव्हते. मला पाकिटात बंद केले आणि पाकिटावर पत्ता घातला वटारचा.

लूर्डसबायने पाकीट पोस्टमनकडून घेतले. "शांतारामचं हाय. तो विरारला गेला. इथंच ऱ्हाऊ दे, तो येईल तवा देईन." त्यांनी मला बिस्किटांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. डबा मारियामातेच्या तसबिरीखालच्या फळीवर असे. झाकण लागले आणि अंधार झाला.

एक महिन्याने झाकण उघडले आणि माझ्यावर एक पातळ पाकीट पडले. त्यात नव्या वर्षाच्या फीचा कागद होता. फी साडेसातशे रुपये. कारण फुकटची तीन वर्षे आता संपली होती. पुढच्या महिन्यात दुसरे पाकीट पडले. फी भरली नाही म्हणून दंड. मग तिसरे. दंडावर व्याज. मग व्याजावर कर. मी एका जागी निश्चल पडून होते. माझ्यावर कुणी एक रुपयाही खर्च केला नव्हता. आणि तरी, महिन्यामागून महिना, मी वाढत होते. मित्रांनो, वाढणाऱ्या मुलाला आपण उंच होतोय हे कळत नाही म्हणतात. मला कळत होते. प्रत्येक पाकिटाचे ओझे माझ्या पाठीवर होते.

कधी बाहेर फोन वाजे. लूर्डसबाय उचलत, थोडे ऐकत आणि म्हणत, "शांताराम हितं नाय ऱ्हात. नाय, मला ठाव नाय. गॉड ब्लेस यू." ऑफिसात शांतारामरावांची बदली दुसऱ्या विभागात झाली होती. तिथला जुना फोन आता भलत्याच कुणाच्या टेबलावर वाजत असेल. एकदा रजिस्टर पत्र आले. पोस्टमन म्हणाला, "बाय, तुम्हीच सही करून ठेवून घ्या."

"दुसऱ्याच्या नावाची सही मी कशी करू?" लूर्डसबाय म्हणाल्या. पत्र परत गेले.

असे समजू नका की त्यांनी निरोप धाडला नाही. कृष्णाबाई आगाशीला निघाली की त्या तिला दारातून हाक मारून सांगत, "यमुना दिसली तर सांग गो, पत्रं पडलीत. लय झालीत." यमुनाबाई सणावाराला फुलांसाठी आगाशीला जात तेव्हा कृष्णाबाईने खरेच सांगितले, दोनदा. यमुनाबाईंनी घरी सांगितले. "कुणाच्या लग्नाच्या पत्रिका असतील," शांतारामराव म्हणाले. "येत्या रविवारी जाऊ. रिकाम्या हातानं कसं जायचं, काही तरी नेऊ." हे सगळे मला नंतर, त्यांच्याच तोंडून कळले. किती रविवार गेले ते मी डब्यात राहून मोजले नाही. पाकिटे मात्र मोजली. सत्तावीस.

शेवटची पाकिटे जाड होती. त्यांच्या कडेला लाल पट्टी होती.

दोन हजार सातच्या जुलैत एका दुपारी दारात पावले वाजली. मी आवाज ओळखले. आवाज थकलेले होते.

"अगो बाय, कोन आलंय बघ! ज्ञानदा, केवढी झालीस गो!" लूर्डसबायचा आनंद त्यांच्या आवाजात मावत नव्हता. "बसा, पानी आनते. तुमची ठेव सांभाळलीय मी. एक पन पत्र हरवलं नाय."

"ती पत्रंच आधी द्या, लूर्डसबाय," यमुनाबाई म्हणाल्या.

झाकण उघडले. उजेड आला. शांतारामरावांनी वरचे पाकीट फोडले आणि कागद उलगडला. कागदावर सतरा हजारांच्या वरचा आकडा होता.

ज्ञानदा बोलत होती तेव्हा मला सगळे समजले. तिला पुण्याच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. लहानपणी आजीला अर्धांगाच्या झटक्यानंतर पुन्हा चालते करणारी बाई तिने पाहिली होती, तेव्हापासून तिला तेच व्हायचे होते. फ्लॅटमध्ये सगळी पुंजी संपली होती, म्हणून शिक्षणासाठी कर्ज काढायचे ठरले. फी भरायची शेवटची तारीख शनिवार. आज मंगळवार होता. सकाळी कर्ज देणाऱ्या बँकेच्या साहेबांनी कागद बाजूला सारून विचारले होते, "धुरी, तुमच्या नावावर दोन वर्षांची थकबाकी आहे. तुम्ही बुडवे म्हणून नोंदले गेला आहात. हे कार्ड कुठलं?"

"मी म्हटलं, ते कार्ड आम्ही तळ्यात सोडलं," शांतारामराव लूर्डसबायना सांगत होते. "साहेब हसले. सगळी शाखा हसली."

यमुनाबाईंचा तोल गेला. "लूर्डसबाय, अहो, एक तरी पत्र उघडायचं होतंत! कुणाकडून तरी वाचून घ्यायचं होतंत! दोन वर्षं आमच्या घरावर हा साप बसवून ठेवलात!"

लूर्डसबाय उभ्या होत्या. हातातला पाण्याचा तांब्या त्यांनी फळीवर ठेवला.

"माझा घरवाला रॉबर्ट बोटीवर होता तवा," त्या म्हणाल्या, "त्याचं शेवटचं पत्र पोस्टात कोनी तरी फोडलं. रॉबर्टचं आजारपन आख्ख्या गावाला ठाव होतं, यमुना. मला सगळ्यात शेवटी कळलं. तवापासून दुसऱ्याच्या पत्राला मी नख लावत नाय. तुमचं बरं व्हावं म्हनूनच ठेवली गो. रोज त्या मारियामातेखाली ठेवली."

यमुनाबाईंनी लूर्डसबायचा हात धरला आणि धरूनच ठेवला. मग शांतारामराव हळू म्हणाले, "त्यांचं काही चुकलं नाही. मी त्या दिवशी फोनवर बंद करा म्हणालोच नव्हतो. मर्यादा वाढवून देऊ का विचारलं, आणि मी हो म्हणालो."

ज्ञानदाने वडिलांकडे पाहिले. रागावेल असे मला वाटले. तिने फक्त विचारले, "तुम्ही सांगितलं का नाही, बाबा?"

"लाज वाटली, बाळा."

ज्ञानदाने लादीवर बसून पाकिटे तारखेप्रमाणे लावली. सगळ्यात तळाशी मी होते. तिने मला बाहेर काढले. दोन बाजूंनी पाहिले. त्या नजरेत आठवीतल्या मुलीचे कौतुक नव्हते.

बुधवारी यमुनाबाईंच्या दोन बांगड्या गेल्या. माझी बाकी फिटली. गुरुवारी ज्ञानदा वडिलांना घेऊन माझ्या बँकेच्या कचेरीत गेली. बंद करण्याचा अर्ज तिनेच लिहिला, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळेपर्यंत ती खिडकीपासून हलली नाही. मी तिच्या पर्समध्ये होते. खिडकीतला माणूस म्हणाला, "नोंद स्वच्छ व्हायला दीड महिना धरा, मॅडम." शुक्रवारी ती कागद घेऊन कर्जवाल्या साहेबांसमोर उभी राहिली. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. नियम नियम होता.

शनिवार आला. शनिवार गेला. तिच्या जागी यादीतले पुढचे नाव लागले.

ऑगस्टच्या अखेरीस ते पत्र आले, या वेळी विरारच्या पत्त्यावर. 'आपले कार्ड बंद करण्यात आले असून आपल्याकडे कोणतीही बाकी नाही.' ज्ञानदाने ते दोनदा वाचले. मग तिने कात्री घेतली. यमुनाबाई शेजारीच होत्या. त्यांनी या वेळी हात धरला नाही. पहिला काप पाठीवरच्या काळ्या पट्टीतून गेला, दुसरा सोळा आकड्यांतून. असा माझा दुसरा मृत्यू झाला आणि तो खरा होता.

त्या वर्षी ज्ञानदा आगाशीच्या एका शिकवणीवर लहान मुलांना शिकवत असे. पुढच्या वर्षी तिला पुन्हा प्रवेश मिळाला, पण पुण्यात नाही. पूर्वी रविवारी घरात होणारी थट्टामस्करी त्या बुडालेल्या वर्षी ऐकू आली नाही. शांतारामराव मधूनमधून तिच्याशी काही बोलायला जात आणि न बोलता परत फिरत. माझा नावाचा तुकडा त्यांनी टाकू दिला नाही. तो त्या पत्रासह लूर्डसबायच्याच डब्यात आहे. लूर्डसबायने तो डबा त्यांना देऊन टाकला.

मित्रांनो, मी शिकलेले थोडेच आहे आणि तेही चुकीच्या वेळी. मला ठेवायचे की बंद करायचे, हा प्रश्न घरात विचारला गेला हे चांगलेच झाले. रमेशचेही काही अगदी खोटे नव्हते. ठेवायचे असते तर ठेवता आले असते. पण मग माझ्यावर लक्ष ठेवायला हवे होते, पत्ता बदलला की कळवायला हवा होता. बंद करायचे तर मला पाण्याकडे सोपवून चालणार नव्हते. जिथे माझे आकडे होते तिथे जाऊन सांगायला हवे होते आणि 'झाले' असे उत्तर कागदावर आणायला हवे होते. कात्री त्यानंतर.

मोठी माणसे अनेकदा लाजतात. फोनवर 'नको' म्हणायला लाजतात, घरी चूक सांगायला लाजतात. तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. फोन तुम्ही लावा.

आणि आज घरी गेल्यावर कपाटात शालीच्या घडीखाली, देवाच्या फळीवर, जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात हात घालून बघा. माझे एखादे भावंड तिथे पडलेले असेल. ते हलणार नाही, आवाज करणार नाही. त्याला उचलून विचारा, तू संपलंस ना रे? ते उत्तर देणार नाही, मित्रांनो. मीही तीन वर्षे दिले नव्हते.